व काना

बाईंनी पत्र खिडकीच्या काचेला टेकवलं, पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"अर्जदाराने बहिरेपणा आजाराने आल्याचे प्रमाणपत्र जोडले आहे अर्धविराम तथापि स्वल्पविराम सदर बहिरेपणा अपघाताने आल्याचे प्रमाणपत्र जोडलेले नाही पूर्णविराम सबब श्रवणयंत्राची मागणी अमान्य पूर्णविराम."

काचेपलीकडच्या कारकून मुलीने आपल्याच कार्यालयाचं पत्र विरामचिन्हांसकट पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने बाईंकडे जरा आदराने पाहिलं.

"बरोबर आहे की, आजी. अपघाताचं प्रमाणपत्र राहिलंय."

"अपघात झालेला नाही."

"पण आजार झालाय ना?"

"झालाय. कानाच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय."

"मग निम्मं काम झालंय," मुलगी म्हणाली. तिचा स्वर खरोखर दिलासा देणारा होता.

तिने ज्येष्ठ नागरिक आरोग्य योजनेची निळी पुस्तिका उघडून काचेखालून सरकवली. कलम एकोणीस, पोटकलम ग. जन्मजात नसलेल्या, आजाराने व अपघाताने आलेल्या बहिरेपणासाठी श्रवणयंत्राच्या खर्चाचे साठ टक्के योजना देईल. मुलीने 'व'वर नखाने टिचकी मारली. 'व' म्हणजे दोन्ही, असं तिने समजावलं. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी कशा जमवायच्या, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मुलीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. त्या खिडकीवर दिवसभर सगळे ओरडून बोलत असत, त्यामुळे खालचा आवाज फारच उठून दिसला.

"लोक आणतात हो."

बाईंनी मागे वळून पाहिलं. बाकावर आठ-दहा म्हातारी माणसं कानामागे तळवा धरून बसली होती. टोकाच्या गृहस्थांचा हात पांढऱ्या शुभ्र झोळीत होता. झोळीची गाठ नवी कोरी होती आणि त्याच हाताने ते वर्तमानपत्राची पानं सफाईने उलटत होते.

अपील करता येतं का, हे बाईंनी विचारून घेतलं. येत होतं. तीस दिवसांच्या आत, आणि अर्जदाराने स्वतः हजर राहून. बाईंनी पुस्तिका पिशवीत घातली.

"आजी, ती कार्यालयाची प्रत आहे."

"वाचून परत आणते," बाई म्हणाल्या, आणि मुलगी काही बोलायच्या आत जिना उतरू लागल्या.

घरी अर्जदार, म्हणजे अनुस्वार, खिडकीशी बसून निळ्या पेन्सिलीने वर्तमानपत्रातल्या चुका काढत होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम फुकट चालू ठेवलं होतं, आणि वर्तमानपत्रानेही त्यांना कधी कामाची कमतरता पडू दिली नव्हती. अनुस्वार हे नाव सरकारी छापखान्यातलं. आकाराने लहान, गोल, सगळ्यांच्या डोक्यावर बसणारे, आणि एक दिवस रजेवर गेले की अर्थाचा अनर्थ. अडतीस वर्षं ते तिथे मुद्रितशोधक होते. बाकीचे शोधक तपासलेल्या प्रुफाच्या समासात आद्याक्षरं घालत. हे नुसतं एक टिंब देत. तेवढ्याने भागत असे.

बाई त्यांच्या कॉपीहोल्डर होत्या. म्हणजे समोर बसून हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, प्रत्येक खुणेसकट, आणि अनुस्वारांनी ऐकत ऐकत हातातलं प्रूफ जुळवायचं. घाईत सारखी ऐकू येणारी अक्षरं फोडून वाचायची, हा त्या खोलीचा नियम. 'व' असेल तर 'व'. 'वा' असेल तर 'व काना'. पाच वर्षं असं समोरासमोर बसल्यावर दोघांनी लग्न केलं. तिने वाचायचं आणि त्यांनी चुका काढायच्या, हा क्रम लग्नानंतर तेवढा उलटा झाला, असं छापखान्यात म्हणत.

अनुस्वारांचे कान गेले ते जुना भाडेकरू जातो तसे, एकेक सामान हलवत. आधी दाराची घंटा गेली, मग शेजाऱ्यांचा रेडिओ, त्याची फारशी हळहळ झाली नाही, मग फोनवरचा नातीचा आवाज. नात बोलत असली की ते योग्य जागी हसत. योग्य जागा बाई हाताने खूण करून दाखवत. बाईंचा आवाज शेवटपर्यंत टिकला होता, पण त्यासाठीही हल्ली त्यांना समोर येऊन, छापखान्यात वाचत तसं तोडून तोडून बोलावं लागे. 'दूध संपलंय पूर्णविराम.' मागच्या महिन्यात रस्ता ओलांडताना स्कूटर अनुस्वारांच्या सदऱ्याला घासून गेली. ते घरी येऊन म्हणाले की स्कूटर फार शांत झाल्या आहेत आताशा.

कानाच्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की यंत्र लवकर लावा. फार दिवस शब्द पोचले नाहीत तर मेंदूची ऐकण्याची सवय मोडते, मग यंत्र लावूनही नुसता गलका ऐकू येतो. दोन्ही कानांची यंत्रं म्हणजे निवृत्तिवेतनाचे आठ महिने होत होते. आठ महिने न जेवता ऐकायचं, असा तो हिशेब होता. योजनेच्या लेखी म्हातारपण मानेच्या खाली सुरू होत होतं. हृदय, गुडघे, मूत्रपिंड हे सगळं तिच्यात होतं. दात, डोळे आणि कान या चैनीच्या वस्तू होत्या, आणि त्यांतल्या कानांना फक्त कलम एकोणीसची फट होती.

बाईंनी पत्र आणि पुस्तिका अनुस्वारांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पत्र वाचलं. पुस्तिकेतलं कलम काढलं. त्या ओळीवर ते बराच वेळ थांबले, एवढ्याशा शब्दाला लागतो त्याच्यापेक्षा जास्तच. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"जाऊ दे," ते म्हणाले. हल्ली ते सगळंच सभेत बोलल्यासारखं बोलत. "एका अक्षरासाठी कुठे हिंडतेस?"

तुम्हीच जन्मभर एका अक्षरासाठी लोकांचा जीव खाल्लात, असं बाई म्हणाल्या. पण तोवर अनुस्वारांनी मान खाली घालून वर्तमानपत्र पुढे ओढलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडण्यात एकच अडचण असते. शेवटचा शब्द नेहमी त्याचाच होतो.

त्यांच्या डोक्यावर भिंतीला छापखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेलं मानपत्र होतं. त्यात बरंच काही छापलं होतं, पण फ्रेमची काच पुसताना अनुस्वार एकाच ओळीवरून दोनदा फडकं फिरवत: 'यांनी तपासलेल्या एकाही पुस्तकास शुद्धिपत्र जोडावे लागले नाही.' पुस्तक छापून गेल्यावर चूक सापडली, की मागाहून 'अमुक ऐवजी तमुक वाचावे' अशी चिठ्ठी चिकटवतात, ते शुद्धिपत्र. इतरांच्या पुस्तकांना ते लागे. अनुस्वारांच्या नाही.

रविवारी भाचा आला. तो पूरक विमा विकत असे, आणि मावशी हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक होतं. सरकारी योजनेत जे बसत नाही त्याची चिंता नको म्हणून बाई निवृत्तीपासून न चुकता त्याचा हप्ता भरत आल्या होत्या. आता चिंता करायची वेळ आल्यावर भाच्याने बॅगेतून कागद काढून समजावलं की मूळ योजनेने साठ टक्के दिले की उरलेले चाळीस त्याची कंपनी देते, दुसऱ्या दिवशी देते, हसत हसत देते. पण मूळ योजनेने काहीच दिलं नाही, तर कंपनी पुरवणी कशाला जोडणार?

"ठिगळ लावायला आधी कापड हवं ना, मावशी."

"म्हणजे लहान भोक पडलं तर तुम्ही, आणि मोठं पडलं तर आमचं आम्ही."

"असं म्हटलं की ते वाईट दिसतं," भाचा म्हणाला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "यावर एक उपाय आहे. काकांनी जिन्यावर जरासं पडायचं."

"किती जरासं?"

"दोन पायऱ्या पुरतात. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते तीन लिहून देतात."

अनुस्वारांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि इथे हसायचं असावं असा अंदाज करून ते हसले. बाईंनी भाच्याला चहा दिला, त्याचे कागद घडी करून त्याच्या बॅगेत परत घातले आणि सांगितलं की मूळ योजनेचं मी बघते, तू तेवढा तुझ्या चाळीस टक्क्यांच्या जागेवर उभा राहा.

तो गेल्यावर त्यांनी भांडी विसळली, हात पुसले आणि टेबलाशी बसून ते पोटकलम पुन्हा वाचायला घेतलं. मनात वाचलेलं त्यांना कधीच समजत नसे; तोंडाने वाचल्याशिवाय कागद खरा वाटत नसे. म्हणून मोठ्याने वाचलं, छापखान्यातल्या चालीवर.

"जन्मजात नसलेल्या स्वल्पविराम आजाराने व काना..."

बाई थांबल्या. पुस्तिकेत 'व' होता. काना कुठेच नव्हता. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, आणि पुन्हा त्याच जागी जीभ त्यांना न विचारता पुढे गेली: व काना. पायांना अंधारातल्या जिन्याची पायरी माहीत असते, तसं जिभेला ते माहीत होतं. त्यांनी पुस्तिका उलटी करून शेवटच्या पानावरची बारीक ओळ पाहिली. सरकारी छापखाना, आणि दहा वर्षांपूर्वीचं साल. अनुस्वारांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

खिडकीशी पेन्सिलीचा आवाज थांबला होता. बाईंनी वर पाहिलं तेव्हा अनुस्वार वर्तमानपत्रातच होते.

छापखान्याच्या अभिलेख खोलीत अजून तोच माणूस होता, फक्त त्याचे केस गेले होते. सगळे त्याला दप्तर म्हणत. पंधरा वर्षांनी कागद रद्दीत काढायचा नियम आहे, पण आपण आळशी असल्यामुळे वीस वर्षं हात लागत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं आणि शिडी लावली. लाल फडक्यातला गठ्ठा खाली आला तेव्हा दोघांनाही शिंका आल्या. बाईंनी गाठ स्वतः सोडली.

वर आरोग्य विभागाचा सहीशिक्क्याचा मूळ आदेश होता. पान सात. 'आजाराने वा अपघाताने'. काना होता, टाइप केलेला, काळा, सरळ. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. यात कोणी काही बोलू शकणार नव्हतं.

खाली प्रूफ होतं. ते न पाहता फडकं बांधून टाकता आलं असतं. पण समोर प्रूफ आहे आणि ते बाईंनी पाहिलं नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं. अक्षरजुळणी करणाऱ्याने बरोबर जुळवलं होतं: 'वा'. त्या कान्यावर निळ्या पेन्सिलीची एक बारीक, खात्रीची रेघ होती. समासात अक्षर काढून टाकायची शेपटीवाली गाठ. तिच्या शेजारी टिंब.

बाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

त्या वर्षी बाई वाचत असताना अनुस्वार फार अडवत असत. 'पुन्हा?' म्हणून विचारत, ओळ अर्धी झाली की परत 'पुन्हा?' निवृत्ती जवळ आली तसा माणूस जास्तच काटेकोर होत चाललाय, असं बाईंना वाटलं होतं, आणि त्यांनी ते कौतुकाने चारचौघांत सांगितलंही होतं. ज्या ओळींना त्यांनी 'पुन्हा?' विचारलं नव्हतं, त्या ओळींचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

"पाणी देऊ का, बाई?" दप्तरने विचारलं. मग त्याने वाकून समासात पाहिलं आणि तो सरळ झाला. "हे तर आपल्या..."

"दोन्हीची झेरॉक्स दे," बाई म्हणाल्या. "शिक्का मारून."

अपिलाचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि सहीसाठी अनुस्वारांपुढे ठेवला. वाचल्याशिवाय त्यांनी आजवर कशावरही सही केली नव्हती. लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीही रजिस्ट्रारच्या दोन वेलांट्या दुरुस्त करून मगच केली होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. पुस्तिकेत मुद्रणदोष आहे, मूळ आदेशाची प्रत जोडली आहे, एवढाच मजकूर होता.

"मूळ प्रत मिळाली?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"आणि प्रूफ?"

बाई पेनाचं टोपण शोधत राहिल्या. ऐकू आलं नाही असं दाखवण्याची कला त्या घरातच शिकल्या होत्या. अनुस्वारांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि सही केली. सही करताना ते भिंतीकडे पाहत नव्हते, हे बाईंच्या लक्षात आलं.

सुनावणीच्या दिवशी त्यांना त्याच बाकावर बसायला सांगितलं. झोळीवाले गृहस्थ आजही होते. आज झोळी दुसऱ्या हाताला होती. बाकावरची माणसं एकमेकांशी बोलत होती, म्हणजे प्रत्येक जण आपापलं बोलत होता. एक म्हातारी शेजारणीला दरवेळी "काय?" विचारत होती आणि शेजारीण तिला "काय?" असंच उत्तर देत होती. अनुस्वार ते सगळं बघत होते. त्यांनी बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, ओळीवरून फिरवत तशी, आणि परत पहिल्या टोकाशी आणली.

अपील अधिकारी पन्नाशीचे, घाईत असलेले, पण ऐकून घेणारे होते. शेजारी संगणकावर टंकलेखक होता. मूळ आदेश पाहून अधिकाऱ्यांनी मान डोलावली. याची एक प्रत आपल्याकडे असेलच, असं ते टंकलेखकाला म्हणाले. टंकलेखक असेलच म्हणाला. कुठे, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

"आदेशात 'वा' आहे, कबूल," अधिकारी म्हणाले. "पण पुस्तिका दहा वर्षं चालू आहे. छापताना विभागानेच विचार करून 'व' केला नसेल, हे कशावरून? तसं काही दाखवता येईल का?"

बाईंचा हात पिशवीवर होता. त्यांनी पिशवीची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि प्रुफाची प्रत टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट पाहिली. जुळणीपर्यंत 'वा' होता आणि छापखान्यातच कोणीतरी काना काढला, हे त्यांना दिसलं. काम सोपं झाल्याने त्यांचा चेहरा खुलला.

"हे टिंब कोणाचं?"

बाईंनी मान अधिकाऱ्यांकडे वळवली. अनुस्वारांना ओठ दिसणार नाहीत एवढी.

"तपासणाऱ्याचं. पण तो जे ऐकतो त्यावर चालतो. वाचणारी मी होते. मी नुसतंच 'व' वाचलं. काना म्हणायचा राहिला."

"म्हणजे चूक वाचताना झाली."

"हो."

अधिकाऱ्यांनी टंकलेखकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. मूळ आदेशातील शब्द ग्राह्य धरून मागणी मान्य करण्यात येत आहे. पुस्तिकेस शुद्धिपत्र काढण्यात यावे. त्या शब्दाला बाईंनी अनुस्वारांकडे चोरून पाहिलं. ते छताचा पंखा बघत होते. या कलमाखाली आजवर किती अर्ज फेटाळले असतील, असं अधिकाऱ्यांनी मध्येच विचारलं. टंकलेखक म्हणाला की फेटाळलेले दोन-अडीचशे तरी असतील. मान्य झालेलेही आहेत, पण ते सगळे जिन्यावरून पडलेले आहेत. अधिकारी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढे घे."

कागद छापून आला. टंकलेखकाने तो अनुस्वारांपुढे ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट दाखवलं. अनुस्वारांनी चष्मा लावला.

"फक्त सही, आजोबा," अधिकारी म्हणाले.

ते अनुस्वारांना ऐकू आलं नाही. त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली आणि कागद जरा तिरका धरला. दुसऱ्या ओळीत टंकलेखकाने 'श्रवणयत्र' लिहिलं होतं. अनुस्वारांनी 'य'वर टिंब दिलं. टंकलेखक ओशाळला, अधिकारी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होत्या, आणि ते टोक ओळीमागून ओळ खाली येत होतं.

पाचव्या ओळीवर ते थांबलं. 'मूळ प्रत वाचणाऱ्या व्यक्तीने सदर शब्द चुकीचा वाचल्यामुळे'.

अनुस्वारांनी ओळ एकदा वाचली. मग 'वाचणाऱ्या'वर एक बारीक, खात्रीची रेघ मारून समासात 'ऐकणाऱ्या' लिहिलं. त्याआधीच्या 'मूळ प्रत'भोवती काढून टाकायची शेपटीवाली गाठ घातली. 'वाचल्यामुळे'वर रेघ, समासात 'ऐकल्यामुळे'. शेजारी टिंब.

"पण आजी तर आत्ता म्हणाल्या..." अधिकाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पिशवीची चेन बघत होत्या.

"ही वाचायला चुकत नाही," अनुस्वार म्हणाले. बाहेरच्या बाकावरही ते सहज ऐकू गेलं असतं, तिथे कोणाला ऐकू येत असतं तर. "त्या वर्षी मला कमी ऐकू यायला लागलं होतं. विचारायची लाज वाटायची. दर वेळी कुठे पुन्हा विचारणार?"

अधिकाऱ्यांनी कागद हातात घेतला, समासातलं टिंब पाहिलं, मग प्रुफावरचं टिंब पाहिलं, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिसरं काही ताडून पाहायची त्यांना गरज वाटली नाही. आजोबांनी लिहिलंय तसंच कर, असं त्यांनी टंकलेखकाला सांगितलं. आणि शुद्धिपत्र आजच काढ, खिडकीवर लाव, पुस्तिकांना नंतर चिकटवू.

टंकलेखकाने शुद्धिपत्राचं एक ओळीचं पान छापून आणलं. मघाच्या अनुभवाने शहाणा होऊन त्याने ते अधिकाऱ्यांकडे न देता अनुस्वारांपुढे ठेवलं.

अनुस्वारांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी पेन्सिल धरली आणि बाईंकडे पाहिलं.

बाईंनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या समोर येऊन बसल्या. अधिकाऱ्यांनी खरडलेला शुद्धिपत्राचा मसुदा हातात घेतला. पाठ सरळ केली.

"कलम एकोणीस कंसात ग मध्ये स्वल्पविराम," त्या वाचू लागल्या, "व ऐवजी व काना वाचावे पूर्णविराम."

अनुस्वार त्यांच्या ओठांकडे बघत होते. पेन्सिल कागदापासून बोटभर वर होती.

"पुन्हा?"

बाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी 'व'शी थांबून त्यांनी टेबलावर बोटाने एक उभी रेघ ओढली, वरून खाली, सावकाश.

"काना," त्या म्हणाल्या.

"काना," अनुस्वार म्हणाले, आणि त्यांनी समासात टिंब दिलं.